रावबा परटाचा ताठा

मंडळी, एक सांगा — देवाचा माणूस ओळखायचा कशावरून? दाढीवरून? मग बोकडाला आधी नमस्कार करा! हसू नका, ऐका!

बोरखेडीचा रावबा परीट. कपडा असा धुवायचा की बगळ्यानं लाजावं! एकदा मशिदीत धुणं आणायला गेला. मौलवी दस्तगीरसाहेब म्हणाले, "रावबा, आमच्या कुराणात ईसा पैगंबरांच्या, म्हणजे येशूंच्या, पहिल्या साथीदारांना मोठा मान आहे. त्यांना हवारी म्हणतात. आमचे काही जुने जाणकार सांगतात, ते कपडे धुणारे होते. तुझ्यासारखे!"

झालं! पुढचं ऐकायला थांबतोय कोण? रावबा घरी आला तो जमिनीपासून वीतभर वरून! बाजेवर बसला.

"अहो, भट्टी पेटवा," बायको म्हणाली — ठकूबाई.

"छे! पैगंबराच्या साथीदारांचा धंदा आपला! मळक्याला हात लावायचा नाही!"

चार दिवस गेले — गाव मळलं हो! पाटलांचं धोतर नुसतं ठेवलं तरी उभं राहायचं!

पाचव्या दिवशी सकाळी हमिदाबी आली. विधवा बाई, डोळे भरलेले. "भाऊ, दुपारी माझ्या नसरीनचा निकाह. घरात एकच ओढणी, माझ्या लग्नातली. तीही तुमच्या गाठोड्यात. लेकीला मळकीच घालू?"

तेवढ्यात मौलवी धापा टाकत आले. "अरे बाबा, अर्धंच ऐकून पळालास! ईसांनी विचारलं — अल्लाच्या वाटेवर माझ्या मदतीला कोण? हवारी म्हणाले, आम्ही! मान आहे तो त्यासाठी. बाजेवर बसण्यासाठी नाही!"

ठकूबाई कडाडली, "मी चार दिवस हेच सांगतेय! पण मला दाढी कुठंय!"

रावबा उठला, ओढणी उचलली, नदी गाठली —

धुता परक्याचा मळ । हात झाले चांदण्यावाणी
देव बसला शेजारी । देतो ओंजळीनं पाणी

धुतली खरी, पण वाळणार कधी? मग काय! एक टोक रावबाकडे, एक ठकूबाईकडे — दोघं म्हातारी काठाकाठानं वाऱ्यात धावताहेत, मधे ओढणी शिडासारखी फुगलेली! अख्खं गाव बघायला लोटलं! आणि नसरीननं ती डोक्यावर घेतली, तेव्हा तिला अजून उन्हाची ऊब होती.

आता तुमचं बघू. कीर्तन संपल्यावर या सतरंज्या घड्या करायच्या आहेत. माझ्या मदतीला कोण?

...अरे! आत्ता तर मंडप भरलेला होता!