उजवा कौल

“हॅलो?… हॅलो, वैष्णवी? थांब हां, पडवीत आवाज येत नाय, खळ्यात येते… हां, बोल. काय ठरलं? ठेवणार ना माज्या सर्वेशला?”

पूर्णगडच्या सावित्रीचा मुलगा सर्वेश अमेरिकेत एका बेसबॉल क्लबाच्या धाकट्या संघात चेंडू फेकायला गेला, त्याला वर्ष होऊन गेलं होतं. शाळेच्या सॉफ्टबॉलच्या मैदानावर त्याला हेरलं होतं ते मूळच्या गावातल्याच या वैष्णवीनं. देशोदेशींहून आणलेल्या पोरांची पारख करायला ती त्या क्लबात नोकरीला होती. कुणाला वर चढवायचं आणि कुणाला घरी धाडायचं, ते आज ठरायचं होतं. सावित्रीनं सकाळपासून दारापुढचं खळं झाडझाड झाडलं होतं, केर मात्र अजून भरला नव्हता.

“वजन?… एवढं उतरलं? अगो, तिकडचं पाणी मानवलं नसंल… छे, आजारी नाय तो. असता तर मला सांगितलं नसतं काय?… फेकीचा वेग पण पडला?… हात गेला म्हणतोय? कोण, तो तुजा मोठा साहेब? त्याला काय कळतंय! खाडीत पाग टाकून वाढलाय तो, गो. भरलं जाळं ओढणारा खांदा असा जातो काय?… हो, हो, ऐकतेय. ओरडत नाय. माजा आवाजच असा.”

आवाज खरंच तसा होता. मासळीबाजारात त्याच आवाजावर तिचं घर चालायचं.

“कोण, तो डॉमिनिकन देशातला पोर? त्याचा वेग वाढला?… वाढू दे बापड्याचा, आपल्याला काय… म्हणजे? दोघांतून एकालाच ठेवणार?… हां… हां… काय खातो म्हणजे? जेवतो की! मी विचारते तेव्हा पोट भरलंय म्हणतो… तुला पण तेच सांगतो?… नुसता पाव? पाव नि बटाटा?… कोंबडी बाजूला काढून ठेवतो… अंडं पण…”

सावित्रीनं झाडू उचलला, आणि पुन्हा भिंतीला टेकवून ठेवला.

“हाय, हाय मी. फोन कट नाय झाला… वैष्णवी, रागावणार नाय म्हण आधी… अगो ऐक ना! मी देवीला नवस बोललेय. वरच्या संघात जाईपर्यंत सर्वेश वशाटाला, मासमच्छीला शिवणार नाय म्हणून… त्यानं नाय गो, मीच बोलले, त्याच्या नावानं… कुणाला सांगू नको म्हणून त्याला दम पण मीच दिला. चारचौघांत बोललं की नवस फुकट जातो ना… नको, असं नको बोलूस. मी त्याच्या तोंडचा घास कशाला काढू? त्याच्या भल्यासाठीच…”

पुढं बराच वेळ वैष्णवीच बोलत होती. सावित्री फोन कानापासून लांब धरायची, पुन्हा चिकटवायची, खळ्याच्या या टोकाकडून त्या टोकाकडे जायची. घरात कालवण चुकलं की जेवणावरून उठणारं तिचं पोरगं तिकडे परक्या मुलखात तिच्या एका शब्दापायी कोरडा पाव गिळत होतं. स्वतःचा तिला भयंकर राग आला.

“कळलं गो. हात गेला नाय, अंगातली ताकद गेलीय… मग तसं सांग ना साहेबाला!… नुसतं सांगून भागणार नाय?… बरं. आजपासून खाल्लं पायजे, तुज्यासमोर. मग मुदत मागशील? शब्द?… पण तो खायचा नाय, वैष्णवी. देवीचं नाव घेतलं की तो माजं पण ऐकत नाय. कौल लावायला हवा… विसरलीस तू? देवीला पाकळ्या लावतात, उजवीकडची पडली तर मोकळीक… गंगाराम गुरव लावतो, पण तोच नाय ना इथं! लेकीकडे मुरुडला गेलाय, परवा येईल… परवा चालणार नाय? साहेबाला उत्तर आत्ताच पायजे?… दुसरं कोण लावणार? तो मान गुरवाचा… कुठाय सर्वेश? तुज्याजवळ?… दे. दे त्याला फोन.”

ती खळ्याच्या कडेला गेली. तिथून वरच्या वाडीतल्या देवीच्या देवळाचा कळस दिसायचा. तिनं त्याच्याकडे पाठ केली.

“सर्वेश? हां बाळा, मीच… रडू नको. आधी जेव. कोंबडी हाय ना ताटात?… ठावूक हाय मला नवस. देवीनं मोकळं केलं तुला… हो, कौल लावला… गंगाराम गुरवानं, आणखी कोण लावणार?… आत्ताच, सकाळी… उजवा… अरे उजवा म्हणजे उजवा! आईवर भरवसा नाय तुजा?… शपथ कशाला?”

सावित्रीनं पदरानं तोंड पुसलं.

“देवीशपथ… हां. आता खा. मी हाय फोनवर… घेतलास घास?… सावकाश, नीट चावून. मधी पाणी पी… आणखी घे, लाजू नको… सर्वेश? हॅलो?… हॅलो?”

लाईन गेली होती. सावित्रीनं फोन कमरेला खोचला, मागं वळली आणि कळसाकडे बघून हात जोडले.

“आये, खोटं मी बोललेय. पोर जेवतंय, त्याला जेवू दे. काय घ्यायचं ते माज्याकडनं घे.”