कडी लावली का?

शपथेवर सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे... शब्द न् शब्द म्हटलं की जरा जड जातं, एका ठिकाणी थोडं माझ्या पदरचं आहे, ते शेवटी सांगेन. तोवर सगळं खरंच धरून चाला, रोज पेपर वाचताना धरताच की नाही?

तर आमचे हे उपसंपादक. काम काय, तर पान तीनवर रोज एक चोर सोडायचा. हसू नका, नसला तर तयार करून सोडायचा! कारण पेपराच्या मालकांच्या मेहुण्याचा कुलपांचा कारखाना, आणि तोच मेहुणा यंदा निवडणुकीला उभा, चौकाचौकात त्याचे फलक, 'तुम्ही निर्धास्त झोपा, मी जागा आहे.' आता लोक आधीच निर्धास्त झोपले तर कुलूप घेणार कोण आणि मत देणार कोण? खोटं लिहा असं मालक जन्मात म्हणाले नाहीत हो! केबिनमध्ये बोलावून, चष्मा पुसत, अगदी मायेनं विचारायचे, "काय हो, गावात आज अगदीच शांतता दिसते?" एवढंच. शेजारच्या टेबलावरच्याने ही शांतता तशीच्या तशी छापली, तर दुसऱ्या दिवसापासून त्याचं टेबलच शांत झालं. मग उपसंपादकांना चोर सुचायला लागले, भराभर सुचायला लागले... मीटर बघायला येणारे चोर, गुंगीच्या गोळ्या देणारे चोर, आणि परवा तर कळसच, म्हातारी घरी एकटी असली की मुलाच्या आवाजात हाक मारणारे चोर!

घरी आई. पोराचा पेपर म्हणून छापखान्याच्या पत्त्यासकट वाचणारी. दाराला वर कडी, खाली कडी, मध्ये मेहुण्याच्या कारखान्याचं कुलूप. घरात जेवलास का, दमलास का, सगळं बंद, एकच प्रश्न, कडी लावली का?

एका दुपारी तिचा फोन, चक्कर येतेय, रक्तदाबाच्या गोळ्या संपल्यात. हा गोळ्या घेऊन धापा टाकत दाराशी. किल्ली होती, पण आतून कड्या!

"आई, उघड, मी आलोय."

"कोण मी?"

"अगं, तुझा मुलगा."

"तसंच म्हणतात ते. पेपरात आलंय."

गोळ्या दाराखालून सरकवतो म्हणाला, तर त्या गुंगीच्या असतील, तेही आलंय! बरं, फोन लावला, तर ती फोनवर कुजबुजते, "बाळा, लवकर ये रे, दारात चोर आहे, हुबेहूब तुझ्यासारखा बोलतोय." हा म्हणाला, आई, तो मीच. तर म्हणे, "अगोबाई, तुझा फोनसुद्धा चोरला मेल्याने?" आणि फोन बंद.

शेवटी दाराला तोंड लावून तो म्हणाला, "आई, ती बातमी खोटी आहे. मीच रचलीय."

आतून बसक्या आवाजात, "माझा मुलगा खोटं लिहीत नाही. म्हणजे तू तो नव्हेसच."

आता सांगा, माणसाने जावं कुठे? बसला पायरीवर, गोळ्या मुठीत, आतलं कण्हणं ऐकत... मग कण्हणंही ऐकू येईना. तेवढ्यात बायको कामावरून आली, म्हणाली, "आई, मी आहे." आत काहीतरी सरपटलं, आणि कड्या निघाल्या! का? बातमीत सुनेच्या आवाजाबद्दल काही नव्हतं. आई वाचली. आणखी उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. शुद्ध आल्यावर आईने पहिलं काय विचारलं? कडी लावली का?

ही हकीकत मालकांच्या कानावर गेली. चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे सुनेच्या आवाजाला लोक अजून दार उघडतात?" एवढंच. पुढे पान तीनवर काय आलं ते तुम्ही वाचलंच असेल.

हां, ते माझ्या पदरचं राहिलंच. बातमी खोटी आहे असं तो म्हणाला, आणि त्यावर आईचं ते उत्तर, एवढं मी घातलं. म्हणायला तोंड उघडलं होतं हो त्याने... पण समोरच्या बिऱ्हाडाचं दार किलकिलं झालेलं, आणि फटीत कोण, तर मेहुण्याचा प्रचारवाला. याला आपलंही टेबल शांत झालेलं दिसलं. मग दाराला तोंड लावून, समोरच्याला ऐकू जाईल अशा बेताने तो एवढंच म्हणाला,

"बरोबर आहे, आई. उघडू नकोस. कडी लावलीस ना नीट?"