बाटली संपेपर्यंत

भागुबाई : मग ही खाट कशाला मांडलीया हितं, बाटली लावायची न्हाई तर?

माधवी : तपासायला मांडलीय, भागुमावशी. या, पडा. तपासते.

भागुबाई : तपासू नगंस. मला काय झालंय ते ठावं हाय मला. अशक्तपना. दर बुधवारी तुजं बाबा पिवळी बाटली लावायचं. एक न्हाई, दोन न्हाई, नऊ वरसं. बाटली उतरली की आठ दिस बगाया नगं.

माधवी : बाबांना जाऊन सहा महिने झाले, मावशी. आता दवाखाना मी बघते. आणि मी विनाकारण सलाईन लावत नाही.

भागुबाई : इनाकारन? भाज्याच्या बंगल्यापास्नं हितपातुर मळवलीला चालत आले, ती इनाकारन?

माधवी : त्या बाटलीत मिठाचं पाणी असतं. पिवळा रंग व्हिटॅमिनचा, तोही नावाला. एक भाकरी खाल्लीत ना, तर त्याहून जास्त ताकद येईल.

भागुबाई : भाकरी कुनासाटी थापू?

माधवी : तुमच्यासाठी.

भागुबाई : एकीसाटी परात घ्यायला हात उचलत न्हाई गं. च्यात बटर बुडवून खाते, झालं. मी राकते त्या बंगल्याचं मालक म्हमईला. दिवाळीला येत्यात, न्हाईतर मे म्हैन्यात. तवर तितं मी आन् चौदा कुलपं. समदी रोज हलवून बगायची, येवडंच काम.

माधवी : राजेंद्र येत नाही?

भागुबाई : त्यो गुजरातला, कंपनीत. ऐतवारी फोन करतो. ‘आये, बरी हायेस?’ ‘हाय.’ ‘जेवलीस?’ ‘जेवले.’ मग ठिवतो. सुनंला पोराचा अभ्यास घ्यायचा असतो. तू इषय बदलू नगं. बाटली लाव.

माधवी : पाय वर घ्या बघू. हे बघा, मी बोट दाबलं तिथे खळगा पडला. भरतोय का लवकर? ही सूज कधीपासून?

भागुबाई : पावसाळ्यापास्नं. उभं ऱ्हाऊन येती.

माधवी : आणि चालताना धाप?

भागुबाई : चढ हाय की तितं. लागनारच.

माधवी : जरा गप्प बसा, छाती ऐकू दे मला... श्वास घ्या. सोडा. परत एकदा. मावशी, तुमचं हृदय थकलंय असं वाटतंय मला. अंगातलं पाणी त्याला ओढवत नाही, म्हणून ते पायात उतरतंय, छातीत साठतंय. ब्लडप्रेशरही खूप आहे. त्यात वरून आणखी मिठाचं पाणी घालायचं? जिवावर बेतेल. तळेगावला सरकारी दवाखान्यासाठी चिठ्ठी देते. हृदयाची सोनोग्राफी करून घ्या.

भागुबाई : आली का सोनुग्राफी! आमच्या धोंडाबाईला अशीच चिठ्ठी दिल्ती कुनीतरी. पोटात दुकतंय म्हनून हायवेवरच्या दवाखान्यात गेल्ती. कॅन्सर व्हईल म्हनून भ्या घातलं, पिशवी काडली आन् घरी लावून दिली. दुकायचं ते दुकतच ऱ्हायलं. मागनं कळलं, मुतखडा व्हता.

माधवी : म्हणूनच सरकारीत पाठवतेय. तिथे तुम्हाला कापून कुणाला काही मिळायचं नाही.

भागुबाई : समदे असंच ग्वाड बोलत्यात. इस्वास ठिवावा असा एकच डाक्टर व्हता ह्या बाजूला. तुजा बाप. का त्यो बी लबाड व्हता?

माधवी : असं नका म्हणू.

भागुबाई : मी कुटं म्हनतीया? तूच म्हनतीयास. नऊ वरसं पानी घातलं, असं तूच म्हनलीस आत्ता.

माधवी : ...गोळ्या देते मी. लघवी जास्त होईल, सूज उतरेल. तेवढ्या तरी घ्या.

भागुबाई : ऱ्हाऊ दे. टेशनापाशी नवा डाक्टर आलाय. त्यो इच्यारीत बी न्हाई. हात फुडं केला की बाटली.

माधवी : तिकडे जाऊ नका. मावशी, थांबा. अहो मावशी!

(आठ दिवसांनी. तळेगावच्या सरकारी दवाखान्यातला बायकांचा वॉर्ड. दुपार.)

माधवी : ऑक्सिजन काढला वाटतं?

भागुबाई : सकाळी काडला. ये, बस. त्या खाटंवर नगं, त्या बाईचं मानूस यील आत्ता, जेवान घिऊन. समद्यांचीच येत्यात ह्या टायमाला. हितं बस, माज्या पायापाशी.

माधवी : पाय बघा किती हलके झालेत. सूज गेली.

भागुबाई : मला काय कापलं-बिपलं तर न्हाई ना गं? खरं सांग.

माधवी : नाही. काही नाही कापलं. नुसत्या इंजेक्शनांवर आणि गोळ्यांवर बऱ्या झालात.

भागुबाई : नर्सबाई सांगत व्हत्या, पैल्या दिशी तू हितंच बसून व्हतीस. मला कायबी आटवत न्हाई. त्या टेशनापाशीच्या डाक्टरनं दोन बाटल्या लावल्या, एकीवर एक. दुसरी निम्मी झाली आन् छातीवर धोंडा ठिवल्यावानी झालं. श्वास आत जाईना. मग रिक्षा आटवती, बास.

माधवी : तो घाबरला. सुई काढली, तुम्हाला स्टेशनवरच्या सत्यमच्या रिक्षात बसवलं आणि ‘हिला घरी सोड’ म्हणाला. सत्यमने तुमचे ओठ निळे पडलेले बघितले आणि रिक्षा थेट माझ्या दारात आणली. मी तशीच आत बसले आणि इकडे आलो.

भागुबाई : राजेंद्रला कळवलंस?

माधवी : त्याच दिवशी. रजा मिळत नाहीये म्हणाला. पण रोज फोन करतो मला.

भागुबाई : तुला करतो.

माधवी : तुमच्या फोनचं चार्जिंग संपलंय ना, म्हणून.

भागुबाई : व्हय. आसंल.

माधवी : मावशी, तुम्हाला एक सांगायचंय. इथल्या डॉक्टरांनी विचारलं, याआधी यांना सलाईन कोण लावत होतं? मी बाबांचं नाव सांगितलं.

भागुबाई : कशाला? गेल्यालं मानूस त्ये.

माधवी : त्यांनी विचारलं, आणि मला दुसरं काही बोलता येईना. माझं सगळं शिक्षण त्या बाटल्यांवर झालंय, मावशी. आणि मला तेव्हा कळत नव्हतं असंही नाही. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी बाबांना विचारलं होतं, का लावता? ‘लोक मागतात’ म्हणाले. मी पुढे काही बोलले नाही. त्याच आठवड्यात माझी फी भरायची होती.

भागुबाई : मला बी म्हाईत व्हतं.

माधवी : काय?

भागुबाई : पानी हाय ते. तुज्या बाबांनीच सांगितलं एकदा. मी म्हनलं, साहेब, ह्यात असतं काय नक्की? तर हासलं. म्हनलं, ‘खरं सांगू का भागुबाई, पानीच हाय. पर तुमाला बरं वाटतंय न्हवं?’ मी म्हनलं, वाटतंय. मग लावा, म्हनलं.

माधवी : आणि तरी घेत राहिलात? इतकी वर्षं?

भागुबाई : बाटली संपस्तवर कुनी ऊठ म्हनत न्हाई गं.

माधवी : मावशी...

भागुबाई : ती सविता व्हती बग तुमच्याकडं सुया लावाया. आता गेली लोनावळ्याला, रिसॉर्टात. ती शीर घावावी म्हनून माजा हात चोळायची, टिचक्या मारायची. ऊन-ऊन हात व्हता तिचा. बंगल्यावर माज्या हाताला कोन हात लावतंय? मग तुजं बाबा स्टूल वढून बसायचं. ह्या साली भात कसा हाय, नातू किती उंच झाला, समदं इच्यारायचं. मी सांगायची. नातवाची उंची मला कुटं ठावं असती? पर सांगायची कायतरी.

माधवी : मग नुसतं पडून राहायचं ना. सुई कशाला टोचून घ्यायची?

भागुबाई : बाहीर बसल्याली मानसं काय म्हनत्याल? हिला काय धाड भरलीया? बिनआजाराचं कुनाला झोपू देत्यात का? आगं, रडू नगंस. मानसं बगत्यात. त्यास्नी वाटंल माजंच कायतरी वंगाळ झालंय.

माधवी : मला बाबांचा खूप राग आलाय. आणि भांडायला ते नाहीत.

भागुबाई : वाईट न्हवतं गं ते. लबाड बी न्हवतं. न्हाई म्हनाया जमत नसंल त्यास्नी. तुला जमतंय.

माधवी : मला जमलं, पण तुम्ही उठून गेलात. तुम्हाला नीट समजावून थांबवायला हवं होतं मी. बाबांनी थांबवलं असतं.

भागुबाई : त्यांनी बाटली लावली असती.

माधवी : हो. तेही खरंच.

भागुबाई : उंद्या सोडत्यात म्हनं मला.

माधवी : हो, मी येते न्यायला. आता लोणचं, पापड बंद. खारं काहीही नाही. गोळी एक दिवससुद्धा चुकवायची नाही. आणि दर बुधवारी माझ्याकडे यायचं. वजन करायचं, ब्लडप्रेशर बघायचं.

भागुबाई : आन् बाटली न्हाईच?

माधवी : नाही.

भागुबाई : मग किती येळ लागतो त्याला?

माधवी : पाच मिनिटं.

भागुबाई : पाचच?

माधवी : पाचच, मावशी. पण बाटल्या बंद केल्यापासून तुमच्या मागे नंबरला कुणी नसतं.