पिवळ्या घराची खबरबात

गोबनेटच्या निळ्या फाटकासमोर बसथांबा आहे. नोरीन तिथे गोबनेटसोबत डिंगल गावाला जाणाऱ्या बसची वाट बघत बसली होती. शेजारी म्हाताऱ्या गोबनेटने पाठीवर भलंमोठं ओझं घेऊन पायी भटकंतीला निघालेल्या एका मुलीला गाठलं होतं.

"समुद्राकाठच्या वाटेनं आलीस ना? मग डून खीनला पिवळं घर लागलं असेल."

"लागलं की! तिथल्या आजोबांनी चहा पाजला."

"खोकत होता?"

"थोडंसं. ओळखीचे आहेत तुमच्या?"

"भाऊ आहे. आई गेल्यापासून बोलत नाही आम्ही. येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारते झालं."

"अय्या, म्हणजे त्यांची बहीण तुम्हीच? म्हणाले, निळ्या फाटकापाशी माझी बहीण राहते, तिचा मोडलेला पाय बरा झाला का, तेवढं बघ."

"आणि त्याला कळवणार कोण? तुम्ही चालणारे सगळे एकाच दिशेनं जाता!"

"मीही तेच विचारलं. म्हणाले, कळवू नकोस. नुसतं बघ."

तेवढ्यात बस आली.

"चल गं गोबनेट," पायरीवर पाऊल ठेवत नोरीनने हाक मारली.

"तू हो पुढे. मला उलट जायचंय."

"उलट? चालत?"

"मग? पाय बरा झालाय, हे त्याला दिसायला नको?"