सेतुरावचं गाणं आणि माझी मान

चक्कर फक्त रविवारीच येते, हे ऐकून फिजिओथेरपिस्टबाईंनी माझ्याकडे जरा संशयानेच पाहिलं. कानाच्या डॉक्टरांनी कान निर्दोष ठरवून मला त्यांच्याकडे धाडलं होतं. चक्कर गेली नाही, तर घरचे माझ्या स्कूटरला कुलूप लावणार होते.

“रविवारी काय करता, सार?” ‘सर’चा तमिळ ढंगात ‘सार’ करत बाईंनी विचारलं.

“तिरुवैयारुला मित्राकडे जातो. सेतुराव गातो, मी ऐकतो.”

“म्हणजे बसूनच असता?”

“हो. नुसती मान डोलावतो.”

“किती वेळ?”

“तो थांबेपर्यंत.”

बाईंनी मला पालथं झोपवलं, मानेवरून बोटं फिरवली आणि एका जागी हलकेच दाबलं. लगेच खोली गरगरली. तीच ती रविवारची चक्कर! एवढ्याशा जागेत ती मावत होती, याचं मला नवल वाटलं.

“ही मान हाताने मोकळी करता येईल,” बाई म्हणाल्या, “पण महिनाभर डोलणं बंद.”

पुढच्या रविवारी मी सेतुरावसमोर खांबासारखा बसलो. थोड्याच वेळात त्याने गाणं थांबवलं.

“काय रे, माझं कुठं चुकतंय का?”

मी पथ्याचं सांगणारच होतो. पण तीस वर्षांत हा प्रश्न त्याने पहिल्यांदाच विचारला होता, म्हणून गप्प राहिलो.

दुसऱ्या दिवसापासून तो रोज सकाळी सरावाला बसू लागला. महिन्याभरात माझी चक्कर गेली आणि त्याचा सूर जागेवर आला. बाईंनी आता मला डोलायची परवानगी दिली आहे. सेतुरावला मात्र मी ते अजून कळवलेलं नाही.