राजूरच्या हाटेलातला उपास

माहं माहेर पिंपळगाव रेणुकाई, भोकरदन तालुक्यातलं, आन् दिलं मला बदनापुरात, स्टेशनाच्या अलीकडं आमचं घर हाये, हे आन् यांचे मोठे भाऊ दोघं मिळून ट्रॅक्टरचं गॅरेज चालवतेत. शिकले मी नववीपस्तोर, नववी बी पुरी न्हाई, कारन माह्या आईला शुगर व्हती, चप्पल चावली तेवढी जखम झाली अंगठ्याला, ती काही भरलीच न्हाई, मंग अंगठा काढला, मंग पाय काढला, तिचं करायला घरात दुसरं बाईमानूस न्हाई म्हनून मी शाळा सोडली, आन् तिला उचलून मोरीत न्यायचे तं काय सांगू तुमाला ताई, ज्या बाजूला पाय न्हाई त्या बाजूनं ती हलकी लागायची, ते हलकंपन माह्या हातात अजून हाये. मंग गेलीच ती. म्हनून शुगरला तेवढी भेते मी, दुसऱ्या कशाला भेत न्हाई, सापाला बी न्हाई.

आन् तीच शुगर मला निघाली, ह्या पोरीच्या वक्ताला. दवाखान्यात म्हनले बाळंतपनातली हाये, जाईल, आन् गेली बी, पन सिस्टर म्हनल्या, बाई, गेली म्हनून खुशाल राहू नको, तुह्या आईला व्हती, तुहं वजन उतरलं न्हाई तं ती परत येईल आन् मंग जायची न्हाई. ही पोरगी मांडीवर, अजून अंगावर पिती, आन् मी तिच्याकडं बघत बसायचे की हिनं बी शाळा सोडायची का, माहं करायला.

आता अक्काचं सांगते, अक्का म्हंजे माही थोरली जाऊ. दोन लेकरं झाले तिला आन् लग्नातलं पोलकं अजून बराबर बसतं, आन् माहं पोलकं उसवून उसवून शिवनीला कापड राह्यलं न्हाई. आन् खाती किती म्हनता. घरी तं खातीच, पन बाहेर जेवायला गेलो की बघत राहावं, जालना रोडच्या ढाब्यावर शेवभाजी मागवती, वर तेलाचा लाल थर, त्याच्यात तुपाची रोटी बुडवती, वरून गुलाबजाम, आन् मी समोर बसून काकडी चावून राह्यले. हे म्हनतेत, वहिनीला बघ, कशा राहतेत, आन् हे म्हनले तवा वहिनीच्या तोंडात रोटी व्हती. हसू नका ताई, मला लई लागलं ते. आत्याबाई, म्हंजे माही सासू, त्या म्हनल्या हाटेलात येऊन काकडीच खायची तं घरी काय काकड्या मेल्त्या का. अक्का वाईट असती तं बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं, पन ती मायाळू, आपल्या ताटातला गुलाबजाम उचलून माह्या ताटात ठिवती, खा गं म्हनती, मला तं काहीच लागत न्हाई अंगाला, काय करावं. काय करावं म्हनती, जसं काही तिलाच दुखनं हाये. मी जळते तिच्यावर, खोटं कशाला बोलू, तिचे मनगटं बघून जळते, जिना चढती ते बघून जळते, ढेकर देती तरी जळते.

मंग मी डोकं चालवलं. नुसतं नको म्हनलं की चार जन बोलतेत, पन उपास हाये म्हनलं की कुनी काही बोलत न्हाई, उलट चांगलं म्हनतेत. म्हनून मी उपास वाढवले, मंगळवार धरला, गुरवार धरला, चतुर्थी तं व्हतीच, मला वाटलं देव बी खूश आन् वजन बी उतरन. आत्याबाई तं गल्लीत सांगत फिरल्या की धाकली लई देवाची. चतुर्थीला आमच्या घरचे सगळे राजूरच्या गनपतीला जातेत, यांच्या भावाची जीप हाये, दर्शन झालं की खालच्या हाटेलात बसायचं, त्या दिवशी तिथं सगळं उपासाचंच राहतं, साबुदान्याचे वडे, खिचडी, बटाट्याचा चिवडा, आन् मला काय वाटायचं, हे उपासाचं हाये, उपासाचं कसं लागन अंगाला. सकाळपसून उपाशी, हात थांबतच न्हवता. अक्कानं एक वडा घेतला की मी बी एक घ्यायचे, तिच्या बराबरीनं, आन् त्या दिवशी मी बिलकुल जळले न्हाई, लई गोड गेला तो दिवस. मंगळवार-गुरवारी तं हे स्टेशनावरून वडे बांधून आनायचे, उपासवालीला म्हनून, मायेनं.

मंग अंगनवाडीत पोरीचं वजन करायला गेल्ते तं सिस्टर आल्त्या, म्हनल्या तू बी ऱ्हा उभी काट्यावर, आन् वजन उलटं वाढलेलं. मी म्हनले काटा बिघडला. सिस्टर म्हनल्या काय खाती तू, मी म्हनले काहीच न्हाई, उपासच करून राह्यले. उपासाला काय खाती? मी सांगितलं. त्या म्हनल्या, अगं साबुदाना पोटात गेला की साखरच व्हती त्याची, आन् तू तो तळून खाती, त्याच्यापरीस भाकर खाल्ली असती तं बरं झालं असतं, लेकराला पाजती, उपाशी कशाला मरती, घरून खाऊन निघत जा, म्हंजे हाटेलात बसल्यावर हात आवरन, आन् उपास धरायचाच तं वाटीभर भगर खा, ताक पी.

मी ऐकून राह्यले पन माह्या डोळ्यापुढं माही आई. शुगर निघाल्यावर तिनं जेवन कमी केल्तं आन् उपास वाढवल्ते, रेणुकाईचा मंगळवार, एकादशी, चतुर्थी, आन् वाटी भरभरून खिचडी खायची, वर साखर पेरून. आम्ही म्हनायचो देवाचं इतकं करती तरी गुन कसा येईना.

पुढच्या चतुर्थीला निघताना मी शेंगदाने आन् दही खाऊन निघाले, आन् हाटेलवाल्या काकांना म्हनले, काका, भगर द्या वाटीभर आन् ताक. ते म्हनले, बाई, वड्याचा घाना आत्ताच उतरलाय, गरम हायेत. नको म्हनले. आत्याबाई म्हनल्या, तुला काय झालं, शुगर म्हाताऱ्या मानसाला व्हती, देवाच्या दारचं खाल्ल्यानं कुनाला काही व्हत न्हाई. मी म्हनले, आत्याबाई, माही आई बी देवाचंच खायची. यांनी माह्याकडं बघितलं, पोरीला माह्या मांडीवरून घेतलं आन् काकांना म्हनले, ताक दोन आना.

आन् अक्का काय म्हनली सांगू? म्हनली, मंग हिच्या वाटचे मी खाते, वाया कशाला घालायचे. आन् खाल्ले तिनं. माह्या समोरच्या बाकड्यावर बसून, दह्यात बुडवून, कुरकुर आवाज यायचा, आन् मी भगरीचा एक एक घास चावून राह्यले आन् ताक पिऊन राह्यले, डोळ्याला पानी आलं तं म्हनले मिरची लागली.

आता जरा उतरलंय वजन, लई न्हाई, पोलक्याची एक शिवन आत घेतली. रक्त तपासायला परत बोलवलंय, कागद हातात येस्तोवर जिवाला चैन न्हाई. लग्नात बी, ढाब्यावर बी आता सरळ सांगते, मला शुगरचं भ्याव हाये, वाढू नका, कुनी रुसलं तं रुसलं. जळायचं तेवढं गेलं न्हाई ताई, ते काही उपासानं जात न्हाई. अक्काला देवानं सुखात ठिवावं, अशीच बारीक ठिवावी, तिच्या लेकराबाळाला औक्ष द्यावं, पोटभर वडे द्यावे. फक्त तिला खाताना माह्या समोर बसवू नये, बाजूला बसवावं.