मानकरी फोन आणि आपले हुबालेकाका

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कृष्णाई मोबाईल कारखान्याचे मालक आदरणीय जयराजदादा, व्यासपीठावर विराजमान झालेले आपले सगळ्यात जुने डीलर बिराप्पाअण्णा, आज सेवानिवृत्त होणारे सत्कारमूर्ती श्री. आकाराम हुबाले, म्हणजे आपले हुबालेकाका, त्यांच्या शेजारी पुष्पगुच्छाआड दिसेनाशा झालेल्या मनुकाकू, आणि दुसरी शिफ्ट पुढं ढकलून समोर बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी पल्लवी, विक्री विभाग. मला थोडक्यात बोलायला सांगितलंय. विक्री विभागातल्या बाईला हे सांगणाऱ्याच्या धाडसाचं मी प्रथम कौतुक करते.

मंडळी, फोन बनवणाऱ्याला सगळ्यात आधी कसली काळजी पडते? कॅमेऱ्याची? रंगाची? छे. फोन चालवणारी सिस्टीम कुणाची घ्यायची, ही खरी काळजी. बाजारात तयार अँड्रॉइड आहे. मूळ सिस्टीमला पैसे पडत नाहीत, लोकांच्या बोटांना तिची सवय आहे, लागेल ते अ‍ॅप तिच्यावर चालतं. एका फोनमागं कारखान्याला सुटतं किती? थोडंच. त्यात सिस्टीमही घरी करायला बसलं तर तेही हातात राहत नाही. म्हणून बहुतेक कंपन्या तयार सिस्टीम घेतात आणि गपगुमान धंदा करतात. पण आपण पडलो कुपवाडचे.

हुबालेकाका फौजेत सिग्नलला, म्हणजे संदेशयंत्रणेवर होते. तिथून आले ते थेट दादांच्या केबिनमध्ये, आणि म्हणाले, "दादा, फोन आपला आन् सिस्टीम दुसऱ्याची? शेजारच्या चुलीवर रोज भाकरी थापायची व्हय?" दादा स्वभावानं हळवे. त्यांनी तिथल्या तिथं सॉफ्टवेअर विभाग काढला. विभाग म्हणजे काका, एक कॉम्प्युटर आणि एक पंखा.

काकांनी सिस्टीम केली आणि तिचं नाव ठेवलं मानकरी. तिची खासियत अशी, की फोनमधली नावं अक्षरांप्रमाणं लागायची नाहीत, मानाप्रमाणं लागायची. थोरला वर, धाकटा खाली. थोरल्याचा फोन आला की धाकट्याचा चालू फोन आपोआप बंद. आम्ही टाळ्या वाजवल्या. आपल्या भागात जन्मलेल्या एकालाही यात धोका दिसला नाही, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

पहिला दणका आष्ट्यात बसला. लग्नघर होतं. नवरदेवानं हौसेनं नवा मानकरी घेतलेला. मामानं सहज हातात घेतला आणि बघतो तर काय, आत्याचा नवरा वर आणि आपण खाली. मामानं फेटा काढून खुर्चीवर ठेवला आणि मांडवाबाहेर जाऊन बसला. अक्षता हातात घेऊन माणसं ताटकळली. शेवटी काका लॅपटॉप घेऊन मोटारसायकलवर आष्ट्याला गेले आणि मामाला वर चढवलं. लगेच आत्याचा नवरा उठला. मग काकांनी तोडगा काढला, दोघांना एकाच ओळीत बसवलं. त्या ओळीवर बोट ठेवलं की दोघांनाही एकदमच फोन लागायचा. पाहुण्यांनी तो तिथंच लावून बघितला. पुढचं भांडण फोनवरही झालं आणि समोरासमोरही झालं. लग्न लागलं म्हणा, पण जेवणाच्या पंगतीला काकांना कुणी बसा म्हटलं नाही.

बिराप्पाअण्णा, हसू नका. तुमच्या दुकानातून परत आलेली खोकी मीच उतरवून घेतली होती. तुम्ही तेव्हा म्हणाला होता, "ताई, फोन लय झकास हाय, पर त्यात व्हॉट्सअ‍ॅप न्हाई. त्याच्याबिगर माणूस फोन घिऊन करतंय काय, कपाळाला लावतंय?" खरंच होतं. आम्ही अ‍ॅपवाल्यांना विनंत्या केल्या. ते म्हणाले, आधी तुमची गिऱ्हाइकं वाढवा. गिऱ्हाईक म्हणालं, आधी अ‍ॅप आणा. या दोघांच्या मध्ये कारखाना अडकला. एक शिफ्ट बंद झाली. पुढं बाकीच्यांनाही घरी बसावं लागणार, हे प्रत्येकाला दिसत होतं. पण काकांच्या तोंडावर बोलायचं कुणी? दादा तर म्हणत होते, कारखाना विकीन, पण काकांची सिस्टीम काढणार नाही.

शेवटी यावर दादांनी मीटिंग बोलावली, आणि तिथं बोलले ते काकाच. "दादा, सिस्टीम माझी हाय, पर कारखाना ह्या समद्यांचा हाय. तयार सिस्टीम घ्या. तिच्यावर उसाच्या नोंदणीचं, ठिबकचं अ‍ॅप आधीच टाकून द्या, ते अ‍ॅप करणारी कंपनी आपल्याला पैसं दील. फोनवर सुटत नसंल तर तिथं सुटंल."

मंडळी, तयार सिस्टीम आली तर सॉफ्टवेअर विभागाला काम उरणार नव्हतं. हे आमच्यातल्या कुणापेक्षाही काकांना जास्त ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी ते पंखा घेऊन टेस्टिंगच्या टेबलावर येऊन बसले, आणि आज निवृत्त होईपर्यंत तिथंच बसले. दादांनी केबिन देऊ केली, तर म्हणाले, तिथं करमत न्हाई. बंद झालेली शिफ्ट आज पुन्हा सुरू आहे. मला काकांचा फार अभिमान वाटतो. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, कारण ते लगेच एखादा फोन तपासायला देतात.

एक गोष्ट मात्र कुणाला माहीत नाही. काका इतकी वर्षं स्वतः मानकरीच वापरत होते. सगळ्या महाराष्ट्रात तो एकच चालू राहिला होता. आज सकाळी ते माझ्या काउंटरला आले आणि आपला नवा फोन मागितला. मी म्हटलं, काका, तुमच्याकडून पैसे घेऊ? दादा मारतील मला. तर म्हणाले, "घे गं, पुरं घे. सिस्टीम फुकाट हाय, फोन न्हाई. वाटत बसलीस तर पोरांचा पगार कुठनं निघायचा?"

मी पूर्ण घेतले, काका. पावती दिली. तुमच्या आधी कुणी इतक्या आनंदानं ती घेतली नव्हती.

दादांचे, अण्णांचे, मनुकाकूंचे आणि ताटकळत बसलेल्या तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर लेक समजून पोटात घाला, आणि आता चहा प्या. नमस्कार.